कायम न झालेला ठराव

या घरात कुठलीही गोष्ट आपसूक होत नसे. आधी तिची सभा होई. पडदे बदलायचे, सभा. गच्चीवरची टाकी गळते, सभा. धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा तर दोन झाल्या, एक साधारण आणि एक विशेष. घरातले वडील पाणीपुरवठा खात्यात अडतीस वर्षं कचेरी हाकून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी घराला नियमावली लावली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला जेवणाच्या टेबलाशी बसायचं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं, सगळ्यांनी 'बरोबर आहे' म्हणून ते कायम करायचं, त्याखाली अध्यक्षांनी सही ठोकायची, आणि मग पुढचा विषय. अध्यक्ष अर्थात तेच, तेही तहहयात. तेव्हापासून घरचे, दारचे, दूधवालासुद्धा त्यांना अध्यक्षच म्हणू लागले.

सभासद तीन. थोरला, मधली लेक आणि धाकटा. थोरली सून चिटणीस. ती कोर्टात लघुलेखिका, साक्षीदार खोकला तरी टिपून घेणारी, त्यामुळे लग्न होऊन घरात आली त्याच महिन्यात वही तिच्या हातात पडली. मत द्यायचा अधिकार मात्र तिला नव्हता. नियम सात: सुना व जावई हे निमंत्रित समजावेत. बावीस वर्षं ती या घरातला शब्द न् शब्द उतरवून घेत होती आणि तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं की बाई गं, तुला काय वाटतं.

तिला त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. म्हातारा हेकट होता, पण त्याचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. तो गुण तिन्ही पोरांत औषधालाही उतरला नव्हता. थोरला रेकॉर्ड ऑफिसात साहेब झाला, धाकटा कॉलेजात रजिस्ट्रार, लेक शाळा तपासनीस. तिघांचा जन्म फायली पुढे सरकवण्यात गेला, आणि पुढे सरकवणं म्हणजेच काम करणं असं तिघांनाही मनापासून वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी अध्यक्षांची फुप्फुसं घट्ट व्हायला लागली. हा आजार बरा होत नाही, हळूहळू श्वास कमी कमी होत जाणार, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. अध्यक्षांनी ते इतिवृत्तात घ्यायला लावलं. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं. नाकाला नळी लावून सभा चालू राहिल्या.

त्यांच्या शेवटच्या सभेत, ऐनवेळचे विषय आले तेव्हा, अध्यक्ष खुर्चीत ताठ बसले. त्यांचा कचेरीतला जुना सोबती गळ्याला भोक पाडून सात महिने मशीनवर पडला होता. अध्यक्ष दर मंगळवारी त्याला बघायला जायचे आणि त्या दिवशी घरी येऊन जेवायचे नाहीत.

"लिहून घे," ते सुनेला म्हणाले. "मला नळी नको, मशीन नको, गळ्याला भोक नको. घाबरून कुणी नेलंच तर परत आणा. घरी, माझ्या पलंगावर. धाप लागून तडफडायला होऊ नये एवढं औषध द्या, बाकी काही करू नका. कुणाची हरकत?"

थोरल्याने कपातला चहा ढवळायला घेतला. त्यात साखर नव्हती. लेकीने पदर डोळ्याला लावला. धाकट्याला त्याच क्षणी फोनवर काहीतरी अतिशय महत्त्वाचं दिसलं. तिघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

"हरकत नाही. ठराव मंजूर," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. "आण गं पेन, ही आत्ताच करून टाकतो सही."

आणि इथे आपल्या सूनबाईंची अक्कल गेली गवत खायला. ती म्हणाली, "बाबा, हे कच्चं आहे. मी पक्कं लिहून काढते, पुढच्या सभेत वाचून कायम करू. नियम आहे ना."

म्हातारा खूश होऊन हसला. "शाब्बास! कुणी शिकवलंय?"

हे 'शाब्बास' पुढे तिला आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटे.

पुढच्या सभेची वेळच आली नाही. आठ दिवसांनी ती कोर्टात असताना अध्यक्षांना ताप चढला आणि धाप लागली. घरी धाकटा होता. त्याने रुग्णवाहिका बोलावली, इस्पितळात पोचताच कुणीतरी त्याच्यापुढे कागद धरला, आणि जो माणूस कॉलेजात साध्या रजेच्या अर्जावर चार दिवस शेरा मारत नाही, त्याने न वाचता सही केली. सून धावतपळत पोचली तोवर अध्यक्षांच्या तोंडात नळी होती, दोन्ही हात पलंगाच्या कठड्याला मऊ पट्ट्यांनी बांधलेले होते आणि झोपेच्या औषधाने ते गुंगीत होते.

"अहो भाऊजी, त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं!"

"तेव्हा विचार करायला वेळ कुठे होता वहिनी?" धाकटा म्हणाला.

बरं, तेव्हा नव्हता. मग पुढे बारा दिवस होते. बारा दिवस तिघं भावंडं आळीपाळीने काचेतून बघून जायची आणि संध्याकाळी घरच्या ग्रुपवर लिहायची: 'आज चेहरा जरा फ्रेश वाटला.' मूत्रपिंडवाले डॉक्टर येऊन सांगायचे मूत्रपिंड छान आहे. हृदयवाले सांगायचे हृदय झकास. सगळे अवयव आपापल्या जागी पहिल्या वर्गात पास होत होते, नापास होत होता तो फक्त माणूस. त्याचं कुठलं खातं नसल्यामुळे तो कुणाच्या अहवालात येत नव्हता.

बाराव्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागाच्या मुख्य डॉक्टरांनी सगळ्यांना समुपदेशन कक्षात बोलावलं. कक्ष कसला, खुराडं. गोल टेबल, पाच खुर्च्या, भिंतीवर तळ्याचं चित्र, आणि टेबलाच्या मधोमध कागदी रुमालांचा डबा. डॉक्टर चाळिशीचे, चष्म्याच्या काचा सारख्या पुसणारे. माणूस वाईट नव्हता. नुसता भित्रा होता, आणि भित्र्या माणसाच्या हातात पेन आलं की तो वाईट माणसाइतकंच नुकसान करतो, हे सुनेने कोर्टात पुष्कळ पाहिलं होतं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं आता परत यायची नाहीत. मशीन काढल्यावर ते राहतील असं मला वाटत नाही. तोंडातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, म्हणून गळ्याला छोटंसं भोक पाडून तिथून मशीन जोडायचं, हा एक रस्ता. दुसरा म्हणजे..." इथे त्यांनी आवाज असा खाली नेला, जणू भिंतीपलीकडे पोलीस उभे असावेत. "दुसरा म्हणजे आराम पडेल अशी औषधं द्यायची, आणि नळी काढून घ्यायची. शांतपणे जाऊ द्यायचं."

"डॉक्टर, तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?" लेकीने विचारलं.

"ते मी सांगणं योग्य नाही."

मग कुणी सांगायचं? लिफ्टवाल्याने? सुनेच्या ओठांवर आलं होतं. तिने पर्समधून वही काढली आणि त्या सभेचं कच्चं इतिवृत्त वाचून दाखवलं, 'नळी नको'पासून 'ठराव मंजूर'पर्यंत, कोर्टात वाचतात तसं, आवाज न हलवता.

डॉक्टरांनी वही हातात घेतली, उलटून पाहिली. "यावर सही कुठाय?"

"पुढच्या सभेत व्हायची होती."

"सभेत?"

मग थोरल्याने डॉक्टरांना सभेची सगळी पद्धत समजावून सांगितली. अगदी उत्साहाने सांगितली. नियम किती, गणपूर्ती किती, विषयपत्रिका फ्रिजवर कशी लावतात. आत बाप हात बांधून पडलेला आणि बाहेर याची प्रस्तावना संपेना. सुनेला वाटलं, त्या रुमालांच्या डब्यातले सगळे रुमाल काढून याच्या तोंडात कोंबावेत.

"कल्पना चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "पण सही नाही, साक्षीदार नाहीत, तर हा कागद मला चालत नाही. मग सगळ्या जवळच्या नातेवाइकांचं लेखी एकमत लागेल. एकाचीही हरकत असेल तर आम्ही मशीनला हात लावत नाही."

"आणि भोक पाडायला?" सुनेने विचारलं.

"त्याला एक सही पुरते."

"कुणाची?"

"कुणाचीही चालेल. शक्यतो रक्ताच्या नात्यातली."

तिला हे दोनदा मनात घोळवावं लागलं. म्हणजे माणसाला टोचायला, कापायला, बांधून ठेवायला एक भित्रा पुरतो, आणि सोडायला तीन शूर लागतात. वा रे न्याय! आणि या घरात तर शूर शोधायला कंदील घेऊन फिरावं लागलं असतं.

"उद्या सकाळपर्यंत काय ते सांगा," डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा पुसत गेले.

तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये चहा घेऊन चौघं बसली. थोरल्याने घसा साफ केला. "आपण यावर रीतसर चर्चा करू."

"रीतसर कशी करणार?" धाकटा म्हणाला. "अध्यक्षांशिवाय सभा होत नाही. नियम तीन."

"अध्यक्ष गैरहजर असतील तर ज्येष्ठ सभासद अध्यक्षस्थानी..."

"अध्यक्षांच्या लेखी परवानगीने, दादा. नियम चार. लेखी आहे का?"

"अहो, ते गैरहजर नाहीत," सून म्हणाली. "ते दुसऱ्या मजल्यावर आहेत. त्यांचे हात बांधलेत."

तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलली. निमंत्रितांनी चर्चेत भाग घेण्याची प्रथा नव्हती. पण आज तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, किंवा बावीस वर्षांत पहिल्यांदा होतं.

"तुम्ही तिघंही त्या टेबलाशी होतात. कुणाची हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. एकाने तरी तोंड उघडलंत?"

"गप्प बसलो म्हणजे संमती दिली असं होत नाही वहिनी," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, बाबा आपले बोलतायत. वयात बोलतात माणसं असं."

"वन्सं, तुम्ही?"

लेकीचे डोळे भरून आले. तिचे भरूनच असायचे, तिची ती सोय होती. "मला पटतंय गं सगळं. पण 'थांबवा' असं लिहायला माझा हात नाही उचलायचा. मी लेक आहे त्यांची."

"आणि तुम्ही?" तिने नवऱ्याला विचारलं.

थोरल्याने इकडेतिकडे बघितलं. "माझं मत बाबांच्या बाजूनेच आहे. पण मी थोरला पडलो. उद्या लोक म्हणतील, थोरल्याने बापाची नळी काढली."

"कुठले लोक?"

"लोक गं."

"नावं सांगा ना. मी लिहून घेते."

थोरला चहाकडे बघत बसला. ज्याच्या गळ्याशी आलं होतं तो वर पडला होता आणि खाली तिघंही आपापला गळा सांभाळत होती. यातल्या एकालाही बाप जगावा असं वाटत नव्हतं, मरावा असंही वाटत नव्हतं. आपलं नाव त्या कागदावर नको, एवढीच तिघांची तळमळ होती. तासाभराने ठरलं की विषय गंभीर असल्याने उद्या पुन्हा बसू. घोंगडं भिजत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला लेक एकटीच आधी पोचली. ड्यूटीवरच्या डॉक्टरने तिला गाठलं, तोंडातली नळी काढायला उशीर झाला तर जखम होते, जंतू जातात, असं काहीबाही घाईघाईने सांगितलं आणि फॉर्म पुढे केला. आदल्या दिवशी जो हात उचलत नव्हता तो सुरेख उचलला गेला. दुपारी अध्यक्षांच्या गळ्याला भोक पडलं.

"तात्पुरतं आहे गं ते," लेक रडत म्हणाली. "विचार करायला आपल्याला वेळ मिळेल."

सुनेला शिवी सापडली, पण ती तिने गिळली.

गळ्यातून मशीन जोडल्यावर झोपेचं औषध कमी करतात. त्याने जे व्हायचं ते तिसऱ्या दिवशी झालं. सोमवारी सकाळी भेटीच्या वेळेला सून पलंगाशी गेली तर अध्यक्षांचे डोळे उघडे होते. हातांच्या पट्ट्या सोडलेल्या होत्या. त्यांनी छताकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, मग हात उचलून गळ्यापाशी नेला. बोटांना नळी लागली. ते ती चाचपत राहिले, आणि मग त्यांनी सुनेकडे बघितलं.

"बाबा, मी वाचून दाखवलं हो त्यांना," ती म्हणाली. "शब्द न् शब्द वाचला. पण सही नव्हती."

अध्यक्षांनी ओठ हलवले. गळ्यात नळी असली की आवाज फुटत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोनदा प्रयत्न करून ते थांबले आणि त्यांनी चिमटीने हवेत लिहून दाखवलं. तिने वही पोटावर धरली, पेन बोटांत अडकवलं. हात सुजून भाकरीसारखा झालेला, त्यात सुई खुपसलेली. तरी म्हाताऱ्याने त्या कच्च्या इतिवृत्ताखाली सही केली. वेडीवाकडी झाली, शेवट ओळीखाली घसरला, पण केली. मग पेन टाकून दिलं आणि डोळे मिटून धापा टाकल्या, म्हणजे मशीनने टाकल्या.

सूनबाई बाहेर धावली. तिला वाटलं, सुटला बिचारा. कसलं काय! तिघं आली, डॉक्टर आले. धाकट्याने वही उजेडात धरली.

"ही बाबांची सही नाही वाटत. बाबांच्या सहीखाली दोन रेघा असतात."

"भाऊजी, हात बघा त्यांचा! रेघा कुठून ओढणार?"

"मी आपलं म्हणतोय. उद्या काही प्रश्न आला तर."

चष्मेवाले डॉक्टर पलंगावर वाकले. त्यांनी मोठ्याने विचारलं, "आजोबा, मशीन काढायचं?"

अध्यक्षांनी मान हलवली. हो. स्वच्छ हो.

"बाबा," धाकटा पुढे घुसला, "बरं व्हायचंय ना तुम्हाला?"

अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि सवयीने, लेकरू विचारतंय म्हणून, मान हलवली. हो.

"बघा डॉक्टर! दोन्हीला हो म्हणतायत."

"असं कुणालाही विचारा की!" सून ओरडली. "डॉक्टर, तुम्हाला सुखात राहायचंय का? हो? आणि आत्ता घरी जायचंय? तेही हो? मग तुम्हालाही समज नाही म्हणायचं का?"

"वहिनी, आवाज कमी," धाकटा म्हणाला. "आयसीयू आहे."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटकेची कळा पसरली, ती तिला लख्ख दिसली. "उत्तरं विसंगत आहेत," ते म्हणाले. "निर्णय घ्यायच्या मनःस्थितीत ते आहेत का, हे मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासून घेऊ. ते दर गुरुवारी येतात."

"भोक पाडलंत तेव्हा नाही लागला मानसोपचारवाला?"

"ताई, तेव्हा ते शुद्धीवर नव्हते."

या वाक्यातली गोम डॉक्टरांना कळली की नाही कोण जाणे. अध्यक्षांना बहुतेक कळली. त्यांनी जमेल तेवढी मान वळवली आणि भिंतीकडे बघत राहिले. थोरला एवढा वेळ पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तो बापाच्या पायावरची चादर नीट करत होता. चादर नीटच होती.

मंगळवारी भेटीच्या वेळात अध्यक्षांनी कागदावर लिहिलं, 'घरी.' एवढी दोनच अक्षरं काढायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. खाली लिहिलं, 'कधी?'

"गुरुवारी बाबा," ती म्हणाली. "गुरुवारी डॉक्टर बघणार तुम्हाला. मग लगेच."

अध्यक्षांनी मान डोलावली. तारीख मिळाली की हा माणूस जन्मभर समाधानी असायचा. साहेबांच्या कचेरीत बाहेरच्या बाकावर बसवलेल्या माणसासारखा तो निमूट पडून राहिला आणि सुनेला तिथे उभं राहवेना. ती हात धुवायच्या जागी जाऊन नळ सोडून रडली. स्वतःचाच संताप आला होता. त्या रविवारी पेन दिलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं?

बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ती त्यांचे पाय चोळत असताना पडद्यावरची रेघ बिघडली आणि मशीन कोकलायला लागलं. कुणीतरी तिचा दंड धरून तिला काचेबाहेर काढलं. सहा जण आत धावले. एक जण स्टुलावर चढून अध्यक्षांच्या छातीवर दोन्ही हातांनी जोर देऊ लागला. सत्तेचाळीस किलोचा म्हातारा. काच बंद होती तरी बरगडी मोडलेली तिला ऐकू आली, किंवा नुसती दिसली, पण मोडली हे नक्की. मग दुसरा चढला. मग पुन्हा पहिला. पंचवीस मिनिटं हे चाललं, कारण करू नका असं सांगणारा जो एक कागद होता, त्याच्यावरच्या सहीखाली दोन रेघा नव्हत्या.

डॉक्टर घाम पुसत बाहेर आले. "आम्ही शक्य ते सगळं केलं."

"दिसलं मला," सून म्हणाली.

तोवर तिन्ही पोरं धावत आली होती. लेकीने हंबरडा फोडला. धाकटा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काही म्हणजे काही कमी पडू दिलं नाही आपण." ग्रुपवर तेच गेलं, आणि संध्याकाळी घरी भेटायला आलेली माणसंही तेच म्हणाली. पोरं असावीत तर अशी, म्हणाली. शेवटपर्यंत झगडली. सून सगळ्यांना पाणी देत होती. एकदोघांनी तिलाही म्हटलं, तुझंही पुष्कळ झालं गं. ती बोलली असती तर भांडी फेकून बोलली असती.

दुसऱ्या दिवशी उरलेले कागद घ्यायला ती आणि थोरला इस्पितळात गेली. अतिदक्षता विभागाच्या टेबलाशी उभी असताना एक गोरेगोमटे, प्रसन्न गृहस्थ जिन्याने वर आले आणि त्यांनी सिस्टरना विचारलं, "चार नंबरला कुणाला बघायचंय? मनःस्थितीची तपासणी?"

"चार नंबर काल गेले सर."

"अच्छा." त्यांनी यादीवर बरोबरची खूण केली. "मग आज सहा नंबरच."

वार गुरुवार होता. माणूस वेळेवर आला होता, त्याला बोल लावायला जागा नव्हती.

थोरल्याने सुस्कारा सोडला. कालपासून त्याचा चेहरा सैल झाला होता, रात्री झोपही लागली होती. तो हळूच म्हणाला, "वाईट वाटतं गं. पण एका परीने बरंच झालं. आपल्याला काही ठरवावं लागलं नाही. निसर्गानेच निकाल लावला."

"निसर्गाने?" ती म्हणाली. "स्टुलावर चढला होता तो निसर्ग?"

तिने सिस्टरकडे वळून विचारलं, "सिस्टर, माणसाला आधीच लिहून ठेवता येतं का हो? मला मशीनला लावू नका म्हणून? त्याचा काही कागद असतो का?"

"असतो ना," सिस्टर म्हणाल्या. पन्नाशीच्या, खरखरीत आवाजाच्या बाई होत्या. "छापील आहे. समुपदेशन कक्षातल्या खणात गठ्ठा पडलाय. कुणी मागत नाही, आणि आपणहून द्यायचा नाही असं वरून सांगितलंय. लोक घाबरतात म्हणे." त्यांनी जाऊन एक आणून दिला.

सुनेने तिथेच, टेबलाशी उभ्याने, तो भरला. पेन एकदा अडलं नाही. मी बोलू शकत नसेन तेव्हा माझ्या वतीने निर्णय कोण घेईल, असा एक रकाना होता. त्यात तिने तिच्या सख्ख्या बहिणीचं नाव लिहिलं. बहिणीशी तिचं वर्षातून चारदा कडाक्याचं भांडण व्हायचं, कारण बहीण जे वाटेल ते तोंडावर बोलायची.

थोरल्याने खांद्यावरून डोकावून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "अगं, हे काय? मी आहे ना?"

"तुम्ही आहात म्हणूनच."

तिने खाली सही केली आणि साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवून कागद त्याच्यापुढे सरकवला. "निर्णय नका घेऊ. मी हे लिहिलेलं तुम्ही पाहिलंत, एवढीच सही करा."

थोरल्याने पेन हातात घेतलं. कागद वरून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. कपाळाला घाम आला होता तो पुसला. बावीस वर्षांचा संसार, दोघांत एक कागद, आणि मागायचं होतं ते फक्त नाव. ती त्याच्या बोटांकडे बघत उभी राहिली. तिला मनापासून वाटत होतं की याने आत्ता करावी, ताडकन करावी, आणि आपल्याला खोटं पाडावं.

"आत्ताच करायला पाहिजे का गं?" तो म्हणाला. "घरी जाऊ, एकदा शांतपणे सगळ्यांशी बोलू..."

तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि सिस्टरना दिलं. सिस्टरनी उभ्या उभ्या सही केली, तारीख टाकली, आणि सहा नंबरचं सलाइन बदलायला निघून गेल्या.